घरातील व्यक्ती गेल्यानंतरची सरकारी आणि व्यावहारिक कामे: मृत्यूच्या नोंदीपासून सातबाऱ्यावरील वारसनोंदीपर्यंत

घरातील कर्ती व्यक्ती गेल्यानंतर करावयाच्या कामांची यादी इतकी लांब असते की तिच्याकडे पाहूनच माणूस खचतो. प्रत्यक्षात त्या यादीतील मोजक्याच कामांना कायद्याने मुदत आहे. बाकीची कामे दोन-चार महिन्यांनी केली तरी बहुधा कोणाचे नुकसान होत नाही. म्हणून या लेखात कामे कार्यालयांच्या क्रमाने न मांडता निकडीच्या क्रमाने मांडली आहेत. एक सूचना मात्र सुरुवातीलाच करणे आवश्यक आहे. तेराव्यापर्यंत मृत्यूची नोंद करावी, संबंधितांना कळवावे आणि कागद जमवावेत. परंतु हक्क सोडल्याचा, वाटणी मान्य असल्याचा किंवा ‘ना हरकत’ असल्याचा कोणताही कागद त्या दिवसांत सही करण्यासाठी पुढे आला, तर सही करू नये. भावकी जमलेली आहे, सगळे एकत्र आहेत, तर आत्ताच उरकून घेऊ, असे म्हणणारा कोणीतरी प्रत्येक घरात असतो आणि त्याची किंमत बहुतेक वेळा विधवा पत्नी आणि लग्न झालेल्या मुली मोजतात.

पुढील विवेचन मुख्यतः महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत वारसांचे हिस्से वेगळ्या कायद्याने ठरतात. नोंदणी, बँक, विमा आणि महसूल कार्यालयातील कार्यपद्धती मात्र जवळपास तीच आहे.

पहिले काही तास

मृत्यू रुग्णालयात झाला असेल, तर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालय देते आणि नोंदणी कार्यालयाला कळवण्याची जबाबदारीही त्याचीच असते. घरी मृत्यू झाल्यास शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून हे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि नोंदणी कार्यालयाला कळवण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाकडे येते. शहरांत या प्रमाणपत्राशिवाय स्मशानभूमीत अडवणूक होते. गावात ती होत नाही, आणि म्हणूनच पुढे विम्याचा दावा करताना कारणाचा कागद हाती नसतो. रुग्णालयातून निघताना प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ती मृताच्या निकटच्या नातेवाइकालाही देणे अपेक्षित आहे. स्मशानभूमीची पावतीही जपून ठेवावी. नेत्रदान करावयाचे असल्यास मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते.

मृत्यू अपघाती असेल तेव्हा मात्र घरच्यांनी मन घट्ट करून एक गोष्ट करावी. सर्पदंश, विजेचा धक्का, वीज अंगावर पडणे, विहिरीत किंवा शेततळ्यात बुडणे, झाडावरून पडणे अशा प्रसंगी ‘आता कशाला चिरफाड’ म्हणून पोलिसांना न कळवताच अंत्यविधी उरकला जातो. यात कायद्याचा भंग तर होतोच, शिवाय पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल नसल्यामुळे अपघात विम्याचा किंवा शासकीय मदतीचा कोणताही दावा पुढे सिद्ध करता येत नाही. घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि गुन्हा दाखल झाला असल्यास प्राथमिक माहिती अहवाल, या कागदांच्या साक्षांकित प्रती पोलीस ठाण्यातून मागून घ्याव्यात. वाहन अपघात असल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची तरतूद आहे. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय योजनेनुसार वारसांना २ लाख रुपये मिळू शकतात.

मृत्यूची नोंद: इथे घाई करावी आणि काळजीही घ्यावी

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावी लागते आणि या मुदतीत नोंदणी विनाशुल्क होते. नोंद मृत व्यक्ती राहत होती त्या ठिकाणी होत नाही, तर मृत्यू जिथे झाला तिथल्या कार्यालयात होते. साताऱ्याच्या गावातील माणूस पुण्याच्या रुग्णालयात वारला, तर नोंद पुण्यात होईल. गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. गावात हे काम ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी पाहतात, तर नगरपरिषद आणि महानगरपालिकेत आरोग्य विभागाकडे ते असते.

२१ दिवस उलटले, तर तिसाव्या दिवसापर्यंत विलंब शुल्क भरून नोंद करता येते. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत जिल्हास्तरीय निबंधकांची लेखी परवानगी लागते. एक वर्ष उलटल्यास जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवावा लागतो. थोडक्यात, तीन आठवड्यांत फुकट होणारे काम वर्षानंतर तहसील आणि प्रांत कार्यालयांच्या फेऱ्यांचे होऊन बसते.

दाखला छापण्यापूर्वी नोंदीचा मसुदा पाहण्याचा आग्रह धरावा. त्यात मृताचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आईचे नाव, कायमचा पत्ता आणि मृत्यूची तारीख ही माहिती आधार कार्डाशी जुळते का, हे अक्षर न अक्षर तपासावे. नावांतील फरक हे आपल्याकडच्या रखडलेल्या प्रकरणांचे सर्वांत मोठे कारण आहे. सातबाऱ्यावर ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’ आणि बँकेत ‘बाळकृष्ण’ असतो. कोणाच्या नावापुढे ‘राव’ लागलेले असते, कोणाच्या नाही. स्त्रियांच्या बाबतीत एखाद्या जुन्या पॉलिसीवर माहेरचे नाव असते. दाखल्यावरील नाव शक्यतो आधारप्रमाणे ठेवावे आणि बाकीच्या नावांसाठी ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. नोंद झाल्यावर चूक आढळली, तर याच अधिनियमानुसार दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी पुरावे जोडावे लागतात आणि वेळही जातो.

दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. आता मिळणाऱ्या संगणकीकृत दाखल्यांवर क्यूआर कोड असतो आणि त्यावरून खरेपणा तपासता येतो, तरीही ‘मूळ प्रत दाखवा’ म्हणणारी कार्यालये कमी झालेली नाहीत. मूळ प्रत दाखवावी, झेरॉक्स द्यावी आणि मूळ परत घ्यावी. दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कोणत्याही खिडकीवरून हलू नये.

कागदांची जमवाजमव

दुखवट्याच्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांची वर्दळ असते. अशा वेळी कपाटातील कागद, चेकबुक, दागिने आणि किल्ल्या एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात द्याव्यात आणि काय काय दिले याची यादी दोघा-तिघांच्या समक्ष करावी. यात अविश्वास मानण्याचे कारण नाही. पुढच्या कुरबुरी टाळण्याचा हा साधा उपाय आहे.

मृत व्यक्तीचे मोबाइलचे सिमकार्ड लगेच बंद करू नये. बँक, विमा कंपनी, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी आणि गॅस एजन्सी यांचे संदेश त्याच क्रमांकावर येत राहतात आणि घरच्यांना माहीत नसलेल्या गुंतवणुकीचा पत्ता बहुधा अशा संदेशातूनच लागतो. क्रमांक किमान वर्षभर रिचार्ज करून चालू ठेवावा. त्या मोबाइलवरचा ओटीपी वापरून किंवा एटीएम कार्डाने खात्यातील पैसे काढणे मात्र सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. खातेदाराच्या मृत्यूनंतर असे पैसे काढणे बेकायदेशीर आहे आणि वारसांत वाद झाला, तर ते काढणाऱ्यावरच शेकते.

पासबुके अद्ययावत करून मागील दोन वर्षांच्या नोंदी ओळीने वाचाव्यात. दरवर्षी मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस ४३६ रुपये कापले गेलेले दिसले, तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे. कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास तीत २ लाख रुपये मिळतात, फक्त नव्याने सहभागी झालेल्यांना पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज संरक्षण नसते. २० रुपये कापले गेले असतील, तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असून अपघाती मृत्यूस २ लाख रुपये मिळतात. दोन्ही दावे ज्या बँकेतून किंवा टपाल कार्यालयातून हप्ता गेला तिथेच दाखल करावयाचे असतात. विम्याचे संरक्षण १ जून ते ३१ मे असे असल्यामुळे मृत्यूच्या वर्षीचा हप्ता गेला आहे ना, हे पाहणे महत्त्वाचे आहे. बँकेचा कर्मचारी ही गोष्ट आपणहून सांगेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

नॉमिनी वेगळा, वारस वेगळा

नॉमिनी म्हणून ज्याचे नाव लावले आहे तो त्या पैशाचा किंवा घराचा मालक होतो, ही समजूत चुकीची आहे. नॉमिनी हा संस्थेकडून रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो. रक्कम स्वीकारली, की संस्था मोकळी होते. ती वारसांत कायद्याप्रमाणे किंवा मृत्युपत्राप्रमाणे वाटणे ही नॉमिनीची जबाबदारी राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याच्या संदर्भात आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांच्या शेअर्सच्या संदर्भात हीच भूमिका घेतली आहे. विमा कायद्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले नॉमिनी असल्यास रकमेवर त्यांचा लाभार्थी म्हणून हक्क मान्य केला आहे. बँकेतील ठेव, शेअर्स आणि फ्लॅट यांना तो अपवाद लागू होत नाही.

वारस कोण, याचे उत्तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ मध्ये आहे. मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातील वारस असून त्यांचे हिस्से समान असतात. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुले आणि वारलेल्या मुलाची विधवा त्या वारलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्याने येतात. या यादीतील आई सर्रास विसरली जाते: म्हातारी आई हयात असताना केवळ पत्नी आणि मुले यांची नावे लावलेल्या वारसनोंदी ठिकठिकाणी सापडतात. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत. विवाहित स्त्री गेल्यास तिच्या मालमत्तेचे पहिले वारस मुलगे, मुली आणि पती असतात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने ठरले आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले.

मृत्युपत्र सापडल्यास मूळ प्रत कोणाच्याही हाती न देता सुरक्षित ठेवावी. ते नोंदणीकृत असलेच पाहिजे असे नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र आवश्यक असतात. मालमत्ता मुंबईत असेल किंवा एखाद्या वारसाचा विरोध असेल, तर प्रोबेटविषयी, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन प्रमाणाविषयी, वकिलांचा सल्ला आधी घ्यावा.

आता ‘वारस दाखला आणा’ या वाक्याविषयी. हे वाक्य प्रत्येक कार्यालयात ऐकायला मिळते, पण कोणता दाखला, हे सांगण्याचे कष्ट कोणी घेत नाही. तलाठी, तहसीलदार, सरपंच किंवा नगरसेवक यांच्याकडून मिळणारा दाखला हा कुटुंबात कोण कोण आहे, एवढेच सांगतो; किरकोळ रक्कम, शासकीय योजना आणि निवृत्तिवेतन यांसाठी तो पुष्कळदा चालतो. दुसरा दाखला १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालय देते. स्थावर मालमत्तेसाठी आणि वारस म्हणून औपचारिक मान्यतेसाठी तो वापरला जातो. तिसरे म्हणजे भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र. ते बँकेतील ठेवी, येणे रकमा, शेअर्स, रोखे अशा जंगम मालमत्तेसाठी असते आणि त्याला रकमेच्या प्रमाणात न्यायालयीन शुल्क लागते. या दोन्ही न्यायालयीन दाखल्यांसाठी जाहीर नोटीस निघते आणि महिने जातात. म्हणून कार्यालयाने दाखला मागितला, तर तो कोणत्या कायद्याखालचा हवा आणि कोणत्या नियमानुसार हवा, हे लेखी मागावे. एवढी विचारणा केल्यावर मागणी सौम्य होते, असा अनेकांचा अनुभव आहे.

शासकीय कार्यालयात सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक शुल्क माफ आहे, हेही लक्षात ठेवावे. पाचशेच्या स्टॅम्पपेपरचा आग्रह धरणारा कार्यालयाबाहेर बसलेला असतो. नियम तसे सांगत नाही.

बँक आणि टपाल कार्यालय

‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो) पद्धतीचे संयुक्त खाते असेल, तर मृत्यूचा दाखला दिल्यावर हयात खातेदार व्यवहार चालू ठेवू शकतो. नॉमिनी असल्यास दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि स्वतःच्या ओळखीचा पुरावा एवढ्यावर रक्कम मिळाली पाहिजे. अशा वेळी बँकेने उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा जामीनदार मागणे नियमाला धरून नाही.

नॉमिनी नसेल, तेव्हा खरी परीक्षा असते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांत १५ लाख आणि सहकारी बँकांत ५ लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी न्यायालयाच्या दाखल्याविना सोपी पद्धत वापरावयाची आहे. बँक स्वतः याहून मोठी मर्यादा ठरवू शकते. यात दावा अर्ज, हानिरक्षण बंधपत्र (पुढे नुकसान झाल्यास ते भरून देण्याची लेखी हमी), इतर वारसांचे ना हरकत पत्र आणि वारसांविषयीचा दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थ व्यक्तीचे घोषणापत्र लागते. कागदपत्रे पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढणे बँकेवर बंधनकारक असून बँकेमुळे उशीर झाल्यास भरपाई द्यावी लागते. हे निर्देश अंमलात आणण्यासाठी बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली होती. मुदत ठेव मृत्यूमुळे मुदतीपूर्वी मोडावी लागली, तर दंड कापता येत नाही. कापला असेल तर लेखी परत मागावा.

लॉकर उघडताना बँकेचा अधिकारी आणि साक्षीदार यांच्यासमोर आतील वस्तूंची यादी केली जाते. शक्य असल्यास सर्व वारसांनी त्या वेळी हजर राहावे, कारण दागिन्यांवरून होणारी भांडणे जमिनीवरच्या भांडणांहून कडू असतात.

टपाल कार्यालयातील बचत खाती आणि प्रमाणपत्रे यांबाबत नॉमिनी नसल्यास ५ लाख रुपयांपर्यंतचा दावा मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, प्रतिज्ञापत्र आणि बंधपत्राच्या आधारे निकाली निघू शकतो. जुन्या पासबुकांवरून खात्यांचा ठाव लागत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर मृताच्या नावाने शोध घेता येतो. दहा वर्षे व्यवहार नसलेल्या ठेवी तिथे दिसतात आणि त्या मूळ बँकेमार्फत परत मिळवता येतात.

विमा, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि शासकीय मदत

आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसीचा दावा ती ज्या शाखेतून सेवेत आहे तिथे किंवा सांगितल्यास अन्य शाखेतही देता येतो. मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, दावा अर्ज आणि नॉमिनीच्या बँक खात्याचा पुरावा लागतो. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षे पूर्ण झाली असतील, तर माहिती लपवल्याच्या कारणावरून विमा कंपनी ती नाकारू शकत नाही. तीन वर्षांच्या आतील दाव्याची चौकशी होते आणि तिथे उपचारांचे कागद मागितले जातात. नोकरीतील व्यक्तीच्या कार्यालयाकडे गट विमा होता का, गृहकर्जासोबत कर्जसंरक्षण विमा घेतला होता का, पतसंस्थेने सभासदांचा विमा उतरवला होता का, हेही विचारावे. असे दावे न मागितल्यामुळेच बुडतात.

खासगी नोकरीत असताना मृत्यू झाल्यास भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून तीन स्वतंत्र लाभ मिळतात: साठलेला निधी, पत्नी किंवा पतीला आणि पंचवीस वर्षांखालील दोन मुलांना दरमहा निवृत्तिवेतन, आणि ठेवसंलग्न विमा योजनेतून कमाल ७ लाख रुपये. पैकी शेवटचा लाभ अनेक कुटुंबांना माहीतच नसतो. लग्नापूर्वी आईच्या नावे केलेले नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द ठरते, त्यामुळे जुन्या अर्जावरून आई आणि सून यांच्यात वाद लावून देणाऱ्याकडे लक्ष देऊ नये. ग्रॅच्युइटीसाठी असलेली पाच वर्षांच्या सेवेची अट मृत्यूच्या प्रकरणी लागू होत नाही.

निवृत्त शासकीय कर्मचाऱ्याच्या बाबतीत मृत्यूची माहिती बँकेला आणि कोषागाराला लगेच द्यावी. मृत्यूनंतरच्या महिन्यांचे निवृत्तिवेतन खात्यात जमा होत राहिले, तर ते वसूल केले जाते आणि कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होण्यास उशीर होतो. निवृत्तिवेतन प्रदान आदेशात पत्नीचे नाव, जन्मतारीख आणि संयुक्त छायाचित्र असेल, तर काम अर्ज आणि दाखल्यावर होते. सेवेत असताना मृत्यू झाला असल्यास अनुकंपा नियुक्तीचा अर्ज मुदतीत देऊन त्याची पोच घ्यावी, मग कोणाला नोकरी घ्यायची हे घरात नंतर ठरले तरी चालेल.

शेतकरी कुटुंबातील १० ते ७५ वर्षे वयाच्या व्यक्तीचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावयाचा असतो. ही मुदत दुःखात सहज निघून जाते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाची कमावती व्यक्ती गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये एकरकमी मिळतात, आणि निराधार विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा अनुदान मिळू शकते. दोन्ही अर्ज तहसील कार्यालयात होतात. मृत व्यक्ती नोंदणीकृत बांधकाम कामगार असेल, तर त्या मंडळाकडेही वारसांसाठी मदत आहे.

शेतजमीन: आधी वारसनोंद, मग वाटणी

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, द्यावी लागते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, परंतु पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई आणि शेतकरी सन्मान निधी हे सगळे अडते. आजोबांच्याच नावावर राहिलेल्या सातबाऱ्यावर पुढे तीस-चाळीस वारस होतात. राज्य शासनाला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवावी लागली, ती याच कारणाने.

अर्ज ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन किंवा महा ई-सेवा केंद्रातून करता येतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला, जमिनीच्या सर्व गटांचे सातबारे आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), सर्व वारसांची नावे, वये, पत्ते आणि नाते दाखवणारे प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्रे जोडावीत. वारसांची नोंद प्रथम गाव नमुना सहा-क म्हणजे वारस नोंदवहीत होते, त्यावरून फेरफार म्हणजे हक्कबदलाची नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबून मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. हरकत आल्यास ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणी घेऊन निर्णय दिला जातो. प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढून सर्व गटांवर सर्व नावे आली आहेत ना, हे पाहावे. एखादा गट सुटणे ही नेहमीची गोष्ट आहे. जमीन दोन गावांत असल्यास दोन्ही सजांत (तलाठ्याच्या कार्यक्षेत्रांत) स्वतंत्र अर्ज करावा लागतो. अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालील मुलाचे नाव पालनकर्त्यासह ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून लागते. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून मोठ्या भावाचे एकट्याचेच नाव लावण्याची जुनी पद्धत आता टाळावी.

प्रतिज्ञापत्रात एखादी बहीण ‘लग्न होऊन गेली’ म्हणून वगळणे हे खोटे प्रतिज्ञापत्र ठरते. बहिणीला स्वेच्छेने हक्क सोडायचा असेल, तर आधी तिचे नाव सातबाऱ्यावर येऊ द्यावे आणि मग दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. कोऱ्या कागदावरची, नोटरीपुढची किंवा तलाठ्यासमोरच्या जबाबातील सही त्यासाठी पुरेशी नाही. अज्ञान मुलाचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणालाही, अगदी आईलाही, सोडता किंवा विकता येत नाही.

वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे. वाटणी सर्वांच्या संमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे किंवा नोंदणीकृत वाटणीपत्राने होते, आणि संमती नसेल तर दिवाणी दाव्याने. तिला घाई नाही.

फ्लॅट, घर आणि वाहन

गृहनिर्माण संस्थेतील सदस्य गेल्यास नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेतले जाते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या तरतुदीनुसार कायदेशीर वारस ठरून त्यांना सदस्यत्व मिळेपर्यंत ही व्यवस्था असते. नॉमिनी नसेल, तर संस्था वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवते आणि हानिरक्षण बंधपत्र घेऊन वारसाचे नाव भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) लावते. संस्थेच्या नोंदीत नाव आले, की सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर, महापालिकेच्या मालमत्ता करावर आणि वीजबिलावरही नाव बदलून घ्यावे. गावातील घरासाठी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर वारसनोंद होते.

वाहनाच्या बाबतीत मृत्यूची माहिती परिवहन कार्यालयाला ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज द्यावा. तोवर वारस ते वाहन वापरू शकतो, पण विमा कंपनीला कळवायला विसरू नये.

कर्ज, आयकर आणि ओळखपत्रे

मृताच्या कर्जाची परतफेड वारसांनी करावयाची ती त्यांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच. मालमत्ताच मिळाली नसेल, तर स्वतःच्या कमाईतून फेडण्याची सक्ती करता येत नाही. सहकर्जदार आणि जामीनदार यांची जबाबदारी मात्र स्वतंत्र असते आणि ती टळत नाही. वसुली कर्मचाऱ्याने पुढे केलेल्या नव्या कर्जरोख्यावर सही केली, तर जुने कर्ज वारसाच्या स्वतःच्या अंगावर येते. हातउसने घेतल्याचे सांगत येणाऱ्यांकडून लेखी पुरावा मागावा आणि उत्तर देण्यास वेळ घ्यावा.

मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचे आयकर विवरणपत्र वारसाने आयकर संकेतस्थळावर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून भरावयाचे असते. पॅन त्यानंतरच, आणि सगळे परतावे व दावे हाती आल्यावर परत करावे. आधारबाबत जून २०२५ पासून कुटुंबातील सदस्याला ‘माय आधार’ संकेतस्थळावर मृत्यूची माहिती देता येते. मतदार यादीतून नाव वगळण्यासाठी नमुना ७ भरावा, शिधापत्रिकेतील नाव तहसीलच्या पुरवठा शाखेत कमी करून घ्यावे. ही तीनही कामे निवांत करता येतात.

गोव्यात मालमत्ता असेल किंवा वारस परदेशात असेल तर

गोव्यात सर्व धर्मीयांना समान वारसा कायदा लागू आहे आणि तो महाराष्ट्रापेक्षा पुष्कळ वेगळा आहे. विवाहापूर्वी वेगळा करार नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते, त्यामुळे एक गेल्यावर निम्मी मालमत्ता जोडीदाराचीच असते आणि उरलेल्या निम्म्याचाच वारसा उघडतो. त्या निम्म्यातही मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येतो तो अर्धा भागच. बाकीचा मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो. वारस ठरवणारा दस्त विशेष नोटरीपुढे होतो, आणि वाटणीवर एकमत नसेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी प्रक्रिया, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची प्रक्रिया, चालते. त्यानंतर नमुना १ व १४ वर, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीवर, नाव चढते. कोकणातील अनेक कुटुंबांची जमीन सिंधुदुर्गात आणि घर पेडण्यात किंवा डिचोलीत असते. त्यांनी दोन्हीकडे स्वतंत्र वकील नेमणे शहाणपणाचे.

परदेशातील मुलाने किंवा मुलीने प्रत्येक कामासाठी येण्याची गरज नसते. त्या देशातील भारतीय वकिलातीत किंवा स्थानिक नोटरी आणि अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्या देशाच्या शासनाने दिलेले प्रमाणन) यांच्या साहाय्याने मुखत्यारपत्र करून ते भारतात पाठवावे. हा कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर योग्य मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते, म्हणून पाकिटावरील तारखेचा शिक्का जपून ठेवावा. मुखत्यारपत्रात कामे नेमकी लिहावीत: अमुक बँकेतील दावा, अमुक गटाची वारसनोंद, अमुक संस्थेतील अर्ज. ‘सर्व मालमत्तेची विक्री, हक्कसोड आणि गहाण ठेवण्याचा अधिकार’ देणारा छापील मसुदा भावाने किंवा चुलत्याने ईमेलवर पाठवला, तरी तो तसाच सही करून देऊ नये. दावा आणि नोंद यापुरतेच अधिकार द्यावेत आणि विक्रीसाठी लागेल तेव्हा वेगळे मुखत्यारपत्र करावे.